कमी खाऊन जास्त जगता येतं का?

अक्षय्य तृतीयेला घाटकोपर पूर्व आणि मुलुंडच्या जैन वस्त्यांमध्ये उसाच्या रसाने पारणी होतात. वर्षीतप करणाऱ्यांनी तेरा महिने एक दिवस उपवास आणि दुसऱ्या दिवशी बियासणं, म्हणजे दोनच बैठकांत जेवण, असा क्रम पाळलेला असतो. उपवासाला फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. आदल्या संध्याकाळी बंद झालेलं तोंड एकदम परवाच्या सकाळी उघडतं, म्हणजे मध्ये साधारण ३६ तास पोटात अन्न नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘एक दिवसाआड उपवास’ म्हणून ज्याच्या चाचण्या घेतल्या, ते आपल्या शेजारच्या इमारतीत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. करणारे ते कर्मनिर्जरेसाठी, म्हणजे साठलेलं कर्म झडावं म्हणून करतात, वजनासाठी नाही, आणि त्या श्रद्धेचा मान ठेवूनच पुढचं सगळं लिहितो आहे.

याच उपनगरांतलं दुसरं वेळापत्रक सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सकाळी साताला घर सोडायचं, रात्री साडेनऊला बोरिवलीला उतरायचं, दहाला जेवायचं. मधल्या वेळात दोन-तीन चहा, बिस्किटं, कुणाच्या वाढदिवसाचा केक, अंधेरी स्टेशनाबाहेर एखादा वडापाव. या दोन्ही घरांत मोबाइलवर एकच निरोप फिरतो: कमी खा, जास्त जगा. त्यात खरं किती, हे तपासायचं तर आधी तीन वेगळे प्रश्न सुटे करावे लागतात. कमी खाल्ल्याने वजन उतरतं का? आजार टळतात का? आणि आयुष्य वाढतं का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं बऱ्यापैकी भक्कम आहे. तिसऱ्याचं उत्तर माणसाच्या बाबतीत अजून कुणाकडेही नाही, आणि नेमकं तेच सर्वांत ठासून सांगितलं जातं.

आयुष्याचा मुद्दा आला उंदरांवरून. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी पांढऱ्या उंदरांच्या खाण्यातल्या कॅलरी कमी केल्या. जीवनसत्त्वं आणि क्षार मात्र पुरेपूर दिले. त्यांची वाढ खुंटली, पण ते इतरांपेक्षा बरेच जास्त जगले. तेव्हापासून यीस्ट, कृमी, माश्या, उंदीर अशा अनेक जिवांमध्ये हेच दिसलं. अन्न कमी पडलं की पेशी वाढीचं काम आवरतं घेतात आणि डागडुजीकडे वळतात, निकामी झालेले भाग मोडून पुन्हा वापरतात. या प्रक्रियेच्या अभ्यासासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं मूळ काम यीस्टवरचं, उपाशी ठेवलेल्या यीस्टवरचं. ‘सोळा तास उपवासाला नोबेल मिळालं’ असं जे सांगितलं जातं, ते खरं नाही.

उंदरांची गोष्टही दिसते तितकी सरळ नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: ९६० माद्या, जनुकीयदृष्ट्या एकमेकींपासून मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या. मनसोक्त खाणाऱ्या सरासरी २५ महिने जगल्या, अधूनमधून उपवास घडवलेल्या २८, पाचवा हिस्सा कमी खाणाऱ्या ३० आणि ४० टक्के कमी खाणाऱ्या ३४ महिने. इथवर कमी खाण्याच्या बाजूचाच कौल. पण कमी खायला दिलेल्या माद्यांमध्ये ज्यांचं वजन सर्वांत जास्त घटलं त्या कमी जगल्या. आहे ते वजन ज्यांनी टिकवून धरलं त्या जास्त. आणि खाण्यापेक्षा जनुकांचा वाटा मोठा निघाला. त्याआधी २०१० मध्ये उंदरांच्या अनेक वेगवेगळ्या वाणांवर झालेल्या एका अभ्यासात ४० टक्के कपातीने जितक्या वाणांचं आयुष्य वाढलं, त्याहून जास्त वाणांचं घटलं होतं. ‘बारीक व्हाल तितके जगाल’ असा अर्थ यातून काढता येत नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत शिकवणारा भाग माकडांचा आहे. ऱ्हीसस माकडांवर अमेरिकेत दोन अभ्यास समांतर चालले. एक विस्कॉन्सिन विद्यापीठाचा, दुसरा अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा. दोन्ही १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले. २००९ मध्ये विस्कॉन्सिनने सांगितलं की कमी खाणारी माकडं वार्धक्याच्या आजारांनी कमी मेली. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने सांगितलं की आयुष्यात फरक नाही. दोन्ही गट मग एकत्र बसले, आकडे जुळवले आणि २०१७ मध्ये संयुक्त लेख लिहिला. विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखर २८ टक्क्यांच्या वर होती, दुसरीकडे चार टक्क्यांच्या आत. विस्कॉन्सिनमध्ये तुलनेसाठी ठेवलेली माकडं हवं तेवढं खात होती. दुसरीकडे तुलनेच्या माकडांनाही मोजूनच मिळायचं, म्हणजे ती मुळातच बेताने खाणारी होती. बेताने खाणाऱ्याचं खाणं आणखी घटवून फारसं हाती लागलं नाही. साखर रेटून खाणाऱ्याचं घटवल्यावर लागलं.

म्हणून ‘कमी’ हा शब्द ऐकला की आधी विचारायला हवं, कशापेक्षा कमी? चहाबरोबर रोज अर्धा पुडा ग्लुकोज बिस्किटं खाणाऱ्याचं कमी आणि दोन भाकऱ्यांवर दिवस काढणाऱ्याचं कमी, ही एका औषधाची दोन नावं नव्हेत.

वार्धक्याच्या दृष्टीने माणसांवर काटेकोर चाचणी एकच मोठी झाली, अमेरिकेतली ‘कॅलरी’ नावाची. २१ ते ५० वयाची, लठ्ठ नसलेली दोनशेहून थोडी जास्त माणसं, दोन वर्षं. खाणं २५ टक्क्यांनी घटवायचं ठरलं होतं. आहारतज्ज्ञ, समुपदेशक, मोजमाप सगळं हाताशी असूनही जमलं सुमारे १२ टक्केच. तरीही साडेसात किलोच्या आसपास वजन उतरलं, रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल घटलं, इन्शुलिनचं काम सुधारलं. त्यांचं साठवलेलं रक्त पुढे तपासून २०२३ मध्ये एक निष्कर्ष आला, की एका मोजपट्टीनुसार त्यांचा वार्धक्याचा वेग दोन ते तीन टक्क्यांनी मंदावला होता. पण त्याच रक्तावर लावलेल्या इतर दोन मोजपट्ट्यांनी फरक दाखवला नाही. आणि एक नोंद बातम्यांत फारशी येत नाही: कंबरेच्या सांध्यातल्या आणि मणक्यातल्या हाडांची घनता कमी झाली. दोन वर्षांच्या चाचणीतून कोण किती जगेल ते कळत नाही, कळणंही शक्य नाही.

टोकाला जाऊन काय होतं, तेही नोंदलेलं आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवक तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती मुलं थंडीने कुडकुडू लागली, चिडचिडी झाली, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसली. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांना सावरायला बरेच महिने लागले.

आता आपल्याकडे. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात दिवाणखान्यापासून लोकलच्या डब्यापर्यंत एकच वाद रंगला होता: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचाराचा धागा पुढे नेला. खरी भूक लागते त्या दिवसातल्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा काळा चहा सोडून काही नको, आणि रोज ४५ मिनिटं चाला. दर वेळी काही खाल्लं की इन्शुलिन स्रवतं, ते सतत चढं राहू नये, हा त्यामागचा तर्क. रुजुता दिवेकर यांचा आग्रह घरच्या, हंगामी, स्थानिक अन्नाचा; तुपाला न घाबरण्याचा; थोडं थोडं, वेळेवर खाण्याचा. राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी दीक्षितांना नेमलं, तेव्हा वादाला आणखी धार आली.

मला त्या वादातला पक्ष घ्यावासा वाटत नाही. कारण दोन्हीकडचे लोक बारीक झाले, ते बहुधा एकाच कारणाने: फरसाण, बिस्किटं, बेकरी आणि गोड चहा सुटला. ५५ मिनिटांच्या आकड्याला भक्कम चाचणीचा आधार मला दिसत नाही, पण साधा नियम पाळायला सोपा असतो, हे त्याचं बळ आहे. ‘दिवसातून दोनदा’ हे लक्षात राहतं. ‘तीनशे कॅलरी कमी’ हे राहत नाही. दीक्षितांनी हजारो मराठी माणसांना उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायची सवय लावली, हे त्यांचं मोठं श्रेय मी मानतो.

वेळेचा प्रश्न मात्र वेगळा काढायला हवा. २०२२ मध्ये टेक्सासच्या जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने उंदरांचं खाणं ३० टक्क्यांनी घटवलं. खाणं दिवस-रात्र विभागून दिलं तेव्हा आयुष्य सुमारे १० टक्के वाढलं. उंदरांच्या जागेपणीच, म्हणजे फक्त रात्री दिलं तेव्हा ३५ टक्के. माणसांत इतकं ठळक काही दिसलेलं नाही. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूच्या चाचणीत लठ्ठ माणसांपैकी निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खायला सांगितलं आणि कॅलरी दोन्ही गटांच्या सारख्याच घटवल्या. वर्षाअखेर वजनात म्हणावा असा फरक नव्हता. चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न-पाणी न घेण्याचं जैन व्रत, पाळणारे कित्येक नोकरदार सूर्यास्ताआधीचा डबा ऑफिसातच उघडतात. त्यांच्या या सवयीचा खरा फायदा मला वाटतं वेगळा आहे. संध्याकाळी सातनंतर टीव्हीसमोर जे सहज तोंडात जातं, ते सगळंच बंद होतं.

आणि आपला मराठी उपवास? ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. खिचडीची एक बशी मांडून पाहू. ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे १७५ कॅलरी. ३० ग्रॅम दाण्याचं कूट, १७० च्या आसपास. दोन लहान चमचे तूप, ९०. अर्धा बटाटा, ४०. बेरीज पावणेपाचशे, आणि बशी एकच धरली आहे. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि अर्धी वाटी भात यांचा हिशोबही साधारण तितकाच होतो, पण त्यात प्रथिनं जवळजवळ दुप्पट असतात. साबुदाण्यात निव्वळ पिष्ट आहे, प्रथिनं जवळपास नाहीतच. जे थोडं मिळतं ते दाण्यांतून. श्रावणी सोमवार, संकष्टी, एकादशी यांना वडे-खिचडी-वेफर्स असा बेत करणाऱ्या मधुमेहीची साखर त्या दिवशी चढते, उतरत नाही. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. राजगिऱ्याची भाकरी, दही-ताक, फळ आणि वरईवर दाण्याची बेताची आमटी हेही उपवासाचंच आहे, आणि जुन्या घरांत एकभुक्त राहणारे लोक खरोखर एकदाच जेवायचे.

जैनांच्या आयंबिलाचं ताट याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. चैत्र आणि आश्विनातल्या ओळीत नऊ दिवस घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या आयंबिलशाळांमध्ये पंगती बसतात. दिवसातून एकच बैठक. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर काही नाही. हिरवी भाजी नाही, फळ नाही, मिरची-हळद नाही. उकडलेले मूग, कोरडा खाखरा, तेलाशिवायची इडली, चवीला मिरी, सुंठ, हिंग. त्या ताटावर जास्त खाल्लंच जात नाही. चवीचं आमिष काढून घेतलं की पोट आपलं माप आपणच सांगतं. कडधान्य आणि धान्य पानात असल्याने प्रथिनांची बाजूही अगदी लंगडी पडत नाही.

वर्षीतपाकडे परत येतो, कारण शास्त्राच्या दृष्टीने तिथे एक मोठी गोष्ट पडून आहे. शिकागोत एक दिवसाआड उपवासाची वर्षभराची चाचणी झाली, १०० जणांवर. २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. उपवासाच्या दिवशीही गरजेच्या चौथ्या हिश्शाएवढं खायची मुभा होती. तरी उपवासाच्या गटातले ३८ टक्के लोक मध्येच गळाले, आणि रोज थोडं कमी खाणाऱ्या गटापेक्षा वजनात विशेष फायदाही झाला नाही. आपल्याकडे साठीच्या बायका याहून कडक व्रत वर्षभर तडीस नेतात. घरातला स्वयंपाक त्यांच्या वेळेने होतो, उपाश्रयात सोबत करणारे असतात, पारण्याला सगळं कुटुंब जमतं. खाण्याच्या सवयी एकट्याच्या निश्चयावर टिकत नाहीत, हे इथे उघड दिसतं. पण ‘बघा, वर्षीतप करणारे किती तब्येतीने असतात’ यावरून निष्कर्ष काढता येणार नाही. ज्यांची तब्येत आधीच धड आहे तेच बहुधा हे तप हाती घेतात आणि पूर्ण करतात. सुरुवातीला आणि शेवटी हाडं, स्नायू, साखर, बी-१२ मोजून, न करणाऱ्या शेजाऱ्यांशी तुलना करून हे पाहायला हवं. माणसं इथे आहेत, रुग्णालयं इथे आहेत. तपाला धक्का न लावता हे काम होऊ शकतं आणि मला ते मनापासून व्हावंसं वाटतं.

या सगळ्यात मराठी वाचकाने सर्वांत जास्त लक्ष द्यावं असं काम पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजन कमी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं, आतून चरबीचं बाळ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तोच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

म्हणजे आपल्याकडे ‘मी कुठे जाड आहे?’ या प्रश्नाचं उत्तर वजनकाटा देत नाही. शिंप्याची टेप देते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या पुढे गेली की सावध व्हायचं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास सीमारेषेवर आहेत. त्यांच्यासाठी कमी खाण्याचा पुरावा खरोखर बळकट आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत ३०० च्या आसपास मधुमेहींपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला फक्त ८५० च्या आसपास कॅलरी दिल्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. दुसऱ्या वर्षाअखेर ३६ टक्क्यांची. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त घटवले त्यांच्यात पहिल्या वर्षी हे प्रमाण ८६ टक्के होतं. आयुष्याची वर्षं वाढोत न वाढोत, डोळे, मूत्रपिंड आणि पाय वाचणं ही याहून मोठी मिळकत आहे.

ताटातून काढायचं ते काय, हेही पुण्याच्या कामातून आणि आयसीएमआरच्या पाहणीतून कळतं. याज्ञिकांच्या अभ्यासातल्या बायकांमध्ये बी-१२ ची कमतरता सर्रास होती आणि तिचा संबंध मुलांच्या पुढच्या चयापचयाशी दिसला. आपल्या एकूण कॅलरींपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, असं आयसीएमआरचं २०२५ मधलं विश्लेषण सांगतं. तेव्हा कात्री लावायची ती दुसऱ्या वाढपाच्या भाताला, सकाळच्या पोह्यांच्या दुसऱ्या बशीला, साखरेला, मैद्याला. डाळ, उसळ, दूध, अंडं, मासळी तेवढीच ठेवायची, शक्य तर वाढवायची. बरेच लोक नेमकं उलट करतात: रात्री ‘हलकं’ म्हणून नुसते पोहे किंवा भात खातात आणि स्नायूंना लागणारी प्रथिनं गमावतात.

आणि कुणी कमी खायचंच नाही, हे मोठ्याने सांगायला हवं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी. त्या संस्थेपासून गोवंडीच्या वस्त्या हाकेच्या अंतरावर आहेत. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला, वाढत्या मुलाला ‘मिताहार’ शिकवणं हा अन्याय आहे. आज अर्धपोटी राहिलेल्या आईच्या पोटी उद्याचा मधुमेही जन्मू शकतो, हे पुण्याच्या बाळांनी सुचवलंच आहे. सत्तरी ओलांडलेल्यांचंही तेच. त्या वयात न ठरवता उतरलेलं वजन ही आनंदाची बातमी नसून डॉक्टरांकडे जाण्याचं कारण आहे. हाड आणि स्नायू गेले की एकदा पडणंही महागात पडतं.

शेवटची गोष्ट गोळ्यांची. रमझानच्या आधी जोगेश्वरी, कुर्ला, अंधेरीतले अनेक डॉक्टर मधुमेही रोजेदारांना बोलावून गोळ्या-इन्शुलिनचे डोस आणि वेळा बदलून देतात. त्यासाठी लिहिलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पर्युषण, ओळी, चातुर्मास, नवरात्र यांच्या आधी असं क्वचितच होतं. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड नेहमीप्रमाणे घेऊन ३६ तास न जेवणाऱ्या माणसाची साखर पहाटे इतकी घसरू शकते की तो बेशुद्ध पडावा. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनी लांबच्या उपवासात रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा चढलेलाही दिसत नाही. उपवास धरायच्या दोन आठवडे आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जावं, किती तास अन्न-पाणी नाही ते तासांत सांगावं, आणि साखर ७० च्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडायचा, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवावं.